पोर्सेलीनची जुनी पुतळी : निर्माता आणि विषय यांची ओळख

अठराव्या शतकातील युरोपीय पोर्सेलीनची एखादी पुतळी अभ्यासकासमोर येते तेव्हा तिच्याविषयी दोन प्रश्न उपस्थित होतात. ती कोणी घडविली, हा पहिला. ती कोणाची आहे, हा दुसरा. हे दोन प्रश्न सामान्यतः एकाच दमात विचारले जातात आणि बहुधा एकाच दमात त्यांची उत्तरेही दिली जातात. पुतळी उलटी करावी, बैठकीखालची खूण पाहावी, खुणांच्या कोशात ती शोधावी आणि नोंदवहीत नाव लिहावे, अशी ही रीत आहे. वस्तुतः दोन्ही प्रश्नांचे पुरावे वेगवेगळ्या ठिकाणी असतात. निर्मात्याचा पुरावा मुख्यत्वे मातीत, झिलईत आणि भट्टीच्या खाणाखुणांत असतो. विषयाचा पुरावा पुतळीबाहेर, म्हणजे तत्कालीन छापील चित्रांत, रंगभूमीच्या इतिहासात आणि कारखान्यांच्या दप्तरांत असतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही वाटा काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

खुणेची विश्वासार्हता

कठीण पोर्सेलीन बनविण्याची कृती युरोपात प्रथम साधली ती सॅक्सनीत. योहान फ्रीडरिश ब्यॉटगर याच्या प्रयोगांनंतर १७१० मध्ये राजा ऑगस्टस याने माइसेन येथे कारखाना स्थापन केला. एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी ही या कारखान्याची खूण सॅक्सनीच्या राजचिन्हातून आली आणि १७२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रूढ झाली. पुढे त्या तलवारींत लहानसहान फरक होत गेले. १७६३ नंतरच्या सुमारे दहा वर्षांत मुठींच्या मध्ये ठिपका आढळतो. १७७४ नंतरच्या मार्कोलिनीच्या कारकिर्दीत तारा आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुठींच्या टोकाला गोंडे येतात. एवढे माहीत झाले की कालनिर्णय सोपा वाटू लागतो. मात्र अठराव्या शतकाच्या मध्यातील अनेक पुतळ्यांवर ही खूण अतिशय बारीक असते, बैठकीच्या मागच्या कडेला असते, आणि काहींवर ती मुळीच नसते. उलट तलवारींची नक्कल इतरांनी इतक्या मुक्तपणे केली, की खूण जितकी ठळक तितका संशय अधिक, असे म्हणण्यास हरकत नाही.

या नकलांचा इतिहास हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पॅरिस येथे १८४५ मध्ये एद्मे सांसों याने सुरू केलेल्या व्यवसायाने माइसेन, चेल्सी, डर्बी, चीन अशा सर्वांच्या वस्तूंच्या प्रतिकृती केल्या. ड्रेस्डेन येथील हेलेना वोल्फझोन यांच्या कारखान्याने ऑगस्टसच्या नावाची आद्याक्षरे गुंफलेली राजमुद्राच वापरली. माइसेनने न्यायालयात दाद मागितल्यावर ती बंद झाली. व्हिएन्नाच्या कारखान्याची खूण म्हणजे आडव्या पट्ट्यांची ढाल. ती उलटी धरली की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते, म्हणून इंग्रजी व्यापाऱ्यांनी तिला तेच नाव देऊन टाकले आणि अनेक याद्यांत ते आजही टिकून आहे. मुकुटाखाली ‘एन’ हे रोमन अक्षर असलेली खूण ‘कापोदिमोंते’ म्हणून ओळखली जाते. कापोदिमोंतेचा मूळ कारखाना १७४३ ते १७५९ इतकाच काळ चालला आणि त्याची खूण लिलीच्या फुलाची होती. मुकुट आणि अक्षर ही नेपल्सच्या पुढच्या राजकीय कारखान्याची खूण असून नंतर ती इटलीतील व जर्मनीतील अनेकांनी उचलली.

‘ड्रेस्डेन’ या शब्दाचेही तसेच झाले आहे. अठराव्या शतकातील इंग्रज माइसेनच्या मालालाच ड्रेस्डेनचा माल म्हणत. एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेन शहरात आणि परिसरात चित्रकारीची व निर्मितीची अनेक लहान केंद्रे उभी राहिली, आणि त्यांचा मालही त्याच नावाने विकला गेला. त्यामुळे जुन्या नोंदवहीत ‘ड्रेस्डेनची पुतळी’ एवढेच लिहिलेले आढळले, तर त्या नोंदीवरून निर्माता निश्चित होत नाही. नोंद करणाराची बोलण्याची सवय तेवढी कळते.

माती, भट्टी आणि माप

खुणेपेक्षा माती अधिक भरवशाची. माइसेनचे पोर्सेलीन केओलिनयुक्त असून सुमारे १४०० अंश सेल्सियसला भाजलेले असते. ते कठीण असते, त्याचा तुटलेला काठ काचेसारखा चकाकतो आणि झिलई मातीशी एकजीव झालेली असते. इंग्लंडमधील चेल्सी, बो आणि डर्बी या कारखान्यांनी १७४० नंतरच्या दशकांत वापरली ती मृदू पोर्सेलीनची निरनिराळी मिश्रणे. त्यांची झिलई जाड व स्निग्ध दिसते आणि बारीक घड्यांत साचते. सांसोंने चेल्सीच्या पुतळ्यांच्या प्रतिकृती केल्या त्या कठीण पोर्सेलीनमध्ये. सोनेरी नांगराची खूण आणि कठीण माती एकत्र दिसली, तर पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही. शिवाय चेल्सीचा खरा नांगर काही मिलिमीटरांचाच असतो.

भट्टीच्या खाणाखुणाही बोलक्या असतात. डर्बीच्या पुतळ्या भाजताना मातीच्या लहान गोळ्यांवर टेकविल्या जात. त्यामुळे बैठकीखाली तीन किंवा चार काळपट डाग उमटत. बोच्या अनेक पुतळ्यांच्या पाठीमागे धातूची फांदी वा मेणबत्तीचा आधार बसविण्यासाठी चौकोनी छिद्र ठेवलेले असते. चेल्सीच्या काही वस्तू प्रकाशासमोर धरल्या असता आत फिकट चंद्राकार ठिपके दिसतात. बोच्या मातीत हाडांची राख मिसळलेली असे, त्यामुळे रासायनिक तपासणीत फॉस्फेट मिळते. हे सर्व पुरावे नकलाकाराला अनवधानानेसुद्धा जुळविता येत नाहीत, कारण ते त्या त्या कारखान्याच्या रोजच्या कामाच्या सवयींतून आलेले आहेत.

मापाचा पुरावा तर विशेष लक्षणीय आहे, आणि त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. माइसेनची कच्ची पुतळी भाजली की सुमारे एक षष्ठांशाने आकसते. कारखान्याचा साचा हे आकसणे गृहीत धरून केलेला असतो. बाहेरचा नकलाकार मात्र तयार पुतळीवरून साचा घेतो आणि त्याची प्रत भट्टीत पुन्हा आकसते. मूळ पुतळी १८ सेंटिमीटर उंचीची असेल, तर अशी नक्कल जवळपास १५ सेंटिमीटरची निघेल. म्हणून संग्रहालयातील प्रमाणित नगाचे माप आणि हातातील नगाचे माप यांची तुलना करण्यासाठी साधी मोजपट्टी पुरते. अर्थात मूळ कारखान्यानेच आपल्या जुन्या साच्यांतून शतकानंतर काढलेल्या प्रती या कसोटीने ओळखता येत नाहीत. माइसेनने एकोणिसाव्या शतकात तसे मोठ्या प्रमाणावर केले. तेथे बैठकीखाली हाताने कोरलेला नमुना-क्रमांक, साच्यात दाबलेला कारागिराचा क्रमांक आणि रंगांचा पोत यांकडे वळावे लागते.

झोक्यावरील मुलगी

माती, शैली आणि दप्तर हे तीन पुरावे एकत्र आल्याशिवाय निर्माता ठरत नाही, याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमध्येच आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पांढऱ्या पोर्सेलीनची एक पुतळी आहे. दोन झाडांच्या मध्ये बांधलेल्या झोक्यावर बसलेली ही मुलगी आहे. तिच्यासारख्या चेहऱ्याच्या, बारीक चणीच्या आणि किंचित अवघडलेल्या ठेवणीच्या काही पुतळ्या व पुष्कळशा अत्तरदाण्या उपलब्ध आहेत. कोणावरही खूण नाही. दीर्घकाळ त्या सर्व चेल्सीच्या मानल्या गेल्या, कारण १७५० च्या आसपास इतका नाजूक माल करील असा दुसरा कारखाना लंडनमध्ये ज्ञात नव्हता. या युक्तिवादातील उणीव उघड आहे. ज्ञात कारखान्यांपैकी एकाला श्रेय द्यायचेच, असे आधी ठरवून मग पुरावा पाहिला गेला.

मातीच्या पृथक्करणात या पुतळ्यांत शिशाचे प्रमाण चेल्सीच्या तुलनेत बरेच अधिक आढळले. १९६२ मध्ये आर्थर लेन आणि आर. जे. चार्ल्सटन यांनी या संपूर्ण गटाचा साक्षेपी विचार मांडला, आणि चेल्सीतून बाहेर पडलेला जवाहिऱ्या चार्ल्स गुईन याच्या दिशेने तर्क वळला. गुईन हा चेल्सीच्या आरंभीच्या काळात निकोलस स्प्रिमाँ याचा भागीदार होता. नंतर तो वेगळा झाला. सेंट जेम्स भागात त्याचा व्यवसाय होता. तो पोर्सेलीन विकत होता हे दिसत होते. स्वतः बनवीत होता काय, हे सिद्ध होत नव्हते. हा प्रश्न सुमारे तीन दशके तसाच राहिला.

उत्तर आले ते फ्रान्समधून. सेव्र येथील राजकीय कारखान्याशी संबंधित रसायनज्ञ झाँ हेलो हा इतर देशांतील पोर्सेलीननिर्मितीविषयी माहिती जमवून टिपणे ठेवीत असे. या टिपणांत गुईन हा सेंट जेम्स येथील आपल्या घरी लहान आकाराच्या अतिशय सुंदर पोर्सेलीन पुतळ्या बनवितो, अशा अर्थाची नोंद आहे. बर्नार द्रागेस्को यांनी १९९३ मध्ये ती प्रकाशात आणली. एका फ्रेंच रसायनज्ञाच्या औद्योगिक कुतूहलामुळे एका इंग्रज जवाहिऱ्याला त्याचे काम परत मिळाले, आणि तेही सुमारे अडीचशे वर्षांनी. पुतळीतील मुलगी मात्र अद्याप निनावी आहे, आणि तिला नाव असायलाच हवे असेही नाही. तत्कालीन फ्रेंच चित्रांतील उद्यानविलासाचा तो एक सर्वसामान्य प्रसंग आहे. निर्माता ठरला म्हणजे विषयही ठरतो असे नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

विषयाचा शोध : चित्रापासून पुतळीपर्यंत

विषयनिश्चितीत आपल्याकडील मूर्तिशास्त्राचा अभ्यासक आरंभी काहीसा स्वगृही असल्यासारखा वावरेल. विष्णूच्या चतुर्विंशती मूर्तींत चेहरा, मुद्रा, अलंकार सारखेच असतात; शंख, चक्र, गदा आणि पद्म कोणत्या हातात आहेत, एवढ्या क्रमावरून केशव की त्रिविक्रम हे ठरते. युरोपीय पुतळ्यांच्या रूपकात्मक मालिका याच रीतीने वाचाव्या लागतात. चार खंडांच्या मालिकेत उंटासह धूपपात्र बाळगणारी स्त्री म्हणजे आशिया, पिसांचा मुकुट आणि मगर असलेली अमेरिका, हत्तीच्या मस्तकाचे शिरोभूषण आणि सिंह असलेली आफ्रिका, आणि राजमुकुटासह घोडा असलेला युरोप. चेझारे रिपा याचा ‘इकोनोलोजिया’ हा ग्रंथ प्रथम १५९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अशा लांछनांचा तो कलावंतांचा कोशच होऊन बसला. चार ऋतूंच्या मालिकेतील धान्याच्या पेंढीवाली स्त्री एकटी सापडली, तर तिला ‘शेतकरीण’ म्हणण्याचा मोह होतो. ती ग्रीष्माची प्रतिमा आहे, हे उरलेल्या तिघी समोर असल्यावरच पटते.

तथापि ही समानता फार ताणू नये. आपल्या मूर्तिकारापुढे शास्त्रवचन होते. माइसेनच्या घडणकारापुढे बहुतेक वेळा छापील चित्र होते. योहान योआखिम केंडलर १७३१ मध्ये माइसेनला आला आणि १७७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामाच्या नोंदी कारखान्याच्या दप्तरात आहेत, आणि त्यांच्यामुळे अनेक पुतळ्यांचा विषय व काळ निश्चित करता येतो. इटालियन विनोदी नाट्यातील पात्रांची एक मालिका १७४३ नंतरच्या एक-दोन वर्षांत वाइसेनफेल्सच्या ड्यूकसाठी घडविली गेली. तिचा आधार लुईजी रिक्कोबोनी याच्या इटालियन रंगभूमीच्या इतिहासातील चित्रे. पॅरिसच्या फेरीवाल्यांची मालिका बुशार्दोंच्या रेखाटनांवरून केलेल्या छापील चित्रांवर आधारलेली आहे. चित्र सापडले म्हणजे केवळ नाव मिळत नाही. पुतळी कोणत्या वर्षाच्या आधीची असू शकत नाही, हेही कळते.

ज्या पुतळीत खऱ्याखुऱ्या व्यक्तीचे चित्रण असते तेथे हा मार्ग अपरिहार्य ठरतो. पूर्व लंडनमधील बो कारखान्याने घडविलेली एक जोडी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पुरुष मोठी तिकोनी टोपी घालून ऐटीत उभा आहे; स्त्रीने रुंद घेराचा झगा घातला असून तिच्या बगलेत लहानसा कुत्रा आहे. पुतळ्यांवर नावे नाहीत. अपरिचिताने पाहिल्यास ही एखादी उमराव पतिपत्नीची जोडी वाटावी. परंतु फ्रान्सिस हेमन याच्या चित्रावरून जेम्स मॅकार्डेल याने केलेल्या छापचित्राशी पुरुषाची पुतळी जुळते, आणि त्या चित्रातील व्यक्ती आहे नट हेन्री वुडवर्ड, डेव्हिड गॅरिकच्या ‘लीथी’ या प्रहसनातील ‘छानछोकी गृहस्था’च्या भूमिकेत. स्त्रीची पुतळी चार्ल्स मोस्लीच्या छापचित्राशी जुळते. ती त्याच प्रहसनातील ‘छानछोकी बाई’, अभिनेत्री किटी क्लाइव्ह. काही नगांवर १७५० हे साल कोरलेले आहे. म्हणजे ज्यांना आपण उमराव समजत होतो ते उमरावांची नक्कल करून प्रेक्षकांना हसविणारे नट निघाले. येथे ओळख बदलली की पुतळीचा अर्थच उलटा होतो. आदराने घरात मांडलेली प्रतिमा न राहता ती नाटकवेड्या शहराने हौसेने विकत घेतलेली थट्टा ठरते. इंग्रजी पोर्सेलीन पुतळ्यांतील हे जिवंत, नामवंत माणसांचे अगदी आरंभीचे चित्रण होय, हेही ओळख पटल्यानंतरच म्हणता आले.

क्वचित पुतळी स्वतःच नाव सांगते. सॅक्सनीच्या दरबारातील विदूषक योझेफ फ्र्योलिश याच्या केंडलरकृत पुतळीच्या विजारीच्या पट्ट्यांवर त्याची आद्याक्षरे आणि साल रंगविलेले असते. असा सुयोग विरळाच.

विषयनिश्चितीतील सर्वांत मोठा अडथळा दुरुस्तीचा आहे. पुतळीची बोटे, वाद्ये, फुले, पक्षी हे भाग आधी तुटतात, आणि नेमके तेच लांछन असते. हातातील बासरी गेली आणि दुरुस्त करणाऱ्याने तेथे फूल बसविले, तर मेंढपाळाचा प्रियकर होतो. पंचेंद्रियांच्या मालिकेतील ‘श्रवण’ वाद्य हरवताच कोणीही सामान्य स्त्री होऊन बसते. अतिनील दिव्याखाली नवीन राळ आणि वरून दिलेला रंग मूळ झिलईहून वेगळा चकाकतो, त्यामुळे जोडलेला भाग ओळखता येतो. विषयाचे नाव लिहिण्यापूर्वी ही तपासणी व्हावी. हातातील वस्तू मूळची नसेल, तर तिच्यावर उभारलेला सर्व तर्क निराधार ठरतो.

ओळखीवर काय अवलंबून असते

हा सारा खटाटोप संग्राहकांच्या हौसेसाठी आहे, असा एक समज आपल्या विद्यापीठीय वर्तुळात आहे. ड्रेस्डेनमधील गुस्ताफ फोन क्लेम्पेरर या ज्यू बँकचालकाच्या माइसेन संग्रहाचा इतिहास पाहिला तर तो टिकत नाही. क्लेम्पेरर यांच्या निधनानंतर १९२८ मध्ये या संग्रहाची सविस्तर सूची खाजगीरीत्या छापली गेली. १९३८ मध्ये नाझी राजवटीने संग्रह जप्त केला. फेब्रुवारी १९४५ मधील बॉम्बवर्षावात त्यातील बराच भाग ड्रेस्डेनच्या राजवाड्याच्या आवारात उद्ध्वस्त झाला. ढिगाऱ्यातून निघालेले तुकडे आणि वाचलेल्या वस्तू तेथील संग्रहालयाकडे राहिल्या. जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९१ मध्ये काही वस्तू वारसांना परत मिळाल्या आणि त्यांतील बऱ्याच त्यांनी संग्रहालयालाच देऊन टाकल्या. पुढे आणखी तुकडे परत मिळाले व २०१० मध्ये लंडन येथे त्यांचा लिलाव झाला. मस्तक नसलेली, करपलेली पुतळी अमुक कुटुंबाचीच आहे हे ठरविण्यासाठी नमुना, माप, रंगकाम आणि छापील सूचीतील वर्णन यांच्याखेरीज दुसरे साधन कोणते? ‘ड्रेस्डेनची स्त्री-पुतळी’ अशी नोंद त्या सूचीत असती, तर परत देण्यासारखे काही ओळखताच आले नसते.

आपल्या जवळचे एक उदाहरण सांगून हा लेख आटोपता घेतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत आणि जपानमध्ये भारतीय बाजारपेठेसाठी लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण यांच्या पोर्सेलीन पुतळ्या तयार होत. जुन्या घरांतील काचेच्या कपाटांत आणि देवघरांत त्या अजूनही आढळतात. त्यांच्या तळाशी बहुधा देशाचे नाव आणि एखादा क्रमांक असतो. कारखान्याचे नाव नसते. ब्रिटनमधील १८८७ चा व्यापारचिन्हविषयक कायदा आणि अमेरिकेतील १८९० चा जकात कायदा यांमुळे निर्यातीच्या मालावर मूळ देश छापण्याची पद्धत पडली, त्यामुळे देशनामाची खूण असलेली पुतळी त्यापूर्वीची मानणे कठीण. निर्मात्याबाबत आपण सध्या एवढेच म्हणू शकतो. विषयाबाबत मात्र अधिक सांगता येते. खडकावर बसलेली, वीणा वाजविणारी आणि जवळ हंसाऐवजी मोर असलेली सरस्वती ही मंदिरशिल्पाची प्रतिकृती नव्हे. ही रचना राजा रविवर्मा यांची आहे. त्यांच्या छापखान्याने, जो १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला, ती घरोघर पोहोचविली. म्हणजे बो कारखान्यातील कारागीर वुडवर्डचे छापचित्र समोर ठेवून बसला होता, तसाच जर्मनीतील घडणकार आपल्याच एखाद्या रंगीत छापील तसबिरीसमोर बसला असावा. अशा पुतळ्यांच्या नोंदीत ‘जर्मन बनावट, सरस्वती’ एवढ्यावर न थांबता वाहन, आसन, हातांतील वस्तूंचा क्रम, मिलिमीटरमधील उंची आणि तळाचे छायाचित्र नमूद करावे. ज्या तसबिरीशी रचना जुळते ती ज्ञात असल्यास तिचे नाव वेगळ्या रकान्यात लिहावे, आणि निर्मात्याच्या रकान्यात तळावर जे आहे तेवढेच.